नऊ दिवसांचं शून्य

एडिंबरो
१५ जुलै १८६१

प्रिय ताई,

आज कचेरीत मला तुम्ही सगळे भेटलात. खोटं नाही सांगत. मे महिन्यापासून मी इथे खानेसुमारीच्या कामावर आहे. गावोगावच्या मोजणीच्या वह्या येतात आणि आम्ही कारकून त्यांतले आकडे उचलून मोठ्या तक्त्यांत मांडतो. वह्यांत काय आहे ते बाहेर बोलायचं नाही, अशी शपथ घेतली आहे. तेव्हा हे पत्र वाचलंस की चुलीत घाल.

सकाळी एक वही उघडली तर अक्षर ओळखीचं. आपले ऑर्मिस्टन मास्तर. त्यांच्या छडीच्या आठवणीने माझा तळहात आपोआप मिटला. पानं उलटत गेलो आणि चौदाव्या पानावर व्हिनलॉची चाळ निघाली, पाचही घरं. शेवटचं घर आपलं. वॉल्टर पर्व्हिस, कुटुंबप्रमुख, वय चौपन्न, नांगऱ्या. ॲलिसन, पत्नी, वय एक्कावन्न. मायसी, मुलगी, अविवाहित, वय एकोणतीस, शेतमजूर. झालं, एवढंच. अख्खं घर तीन ओळींत बसलं. मी बराच वेळ त्या ओळींवर बोट ठेवून होतो.

पण मास्तर आता म्हातारे झाले बरं का. शेवटच्या रकान्यात 'खिडकी असलेल्या खोल्या किती' असं विचारलेलं असतं. वरच्या चारही घरांपुढे एक-एक लिहिलंय आणि आपल्या घरापुढे चक्क शून्य. मला हसू आलं. ज्या घरची खिडकी मी मांडीवर घेऊन फिरलो, त्या घराला खिडकी नाही? दर दोन-तीन वर्षांनी मालक बदलला की मे महिन्यात आपलं बिऱ्हाड गाडीवर. नव्या घराच्या भिंतीत नुसतं भोक, चौकट आणि काचा गड्याने आपल्या आणायच्या. आजोबांच्या हातची ती चौकट, चार तावदानं, घोंगडीत गुंडाळून आई माझ्या मांडीवर द्यायची आणि म्हणायची, "तू पडलास तरी चालेल, ही पडता कामा नये." ओढा ओलांडताना खालचं डावं तावदान तडकलं तेव्हा तुझ्याकडून मार खाल्ला होता, तो अजून आठवतो.

तर मी चाकूने ते शून्य खरवडलं आणि तिथे नीट एक घातला. कचेरीत असं करायला परवानगी नाही, पण एवढ्यातेवढ्याला कोण बघतं? आईला सांग, तुझ्या लेकाने सरकारी पुस्तकात तुझी खिडकी बसवून दिली. हसेल ती.

तुझा,
ॲडम

*

व्हिनलॉ
२२ जुलै १८६१

ॲडम,

पत्र चुलीत घातलं. आईला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर ती हसली नसती.

तू काय शेण खाल्लंस ते तुला ठाऊक नाही, म्हणून सांगते. नीट बसून वाच.

या हिवाळ्यात पाद्रीसाहेबांनी जमीनदाराला लंडनला पत्र घातलं, की व्हिनलॉच्या चाळीत माणसं राहतात, गुरं नव्हेत, तिथे नवी घरं बांधा, भिंतीत बसवलेल्या खिडक्यांची. जमीनदाराने आपल्या ब्रंटनला विचारलं. शेत कसायला त्याने घेतलेलं, घरं त्याच्या ताब्यात. ब्रंटनने काय कळवावं? 'माझ्या प्रत्येक घराला खिडकी आहे, कुणालाही विचारा.' आहेच की. आमची आहे. आम्ही गाडीवर घालून आणलेली, आम्ही लुकण लावलेली. त्यात त्याचा एक खिळा नाही. जमीनदार म्हणाला, एप्रिलात खानेसुमारी आहे, त्यात खिडक्या मोजणार आहेत, छापील तक्त्यात जे येईल ते मी खरं मानीन.

मग चाळ बसली विचार करायला. आई म्हणाली, "त्याच्या घराला किती खिडक्या तेवढ्याच लिहू द्या. आपल्या काढून घ्या." इतकं साधं. मोजणीच्या सोमवारी सकाळी पाचही घरांच्या चौकटी निघाल्या. मास्तर वही घेऊन आले तर पाच भोकं आणि पाच भोकांतून पाच बायका बघताहेत. ते म्हणाले, "बायांनो, मला दिसतं तेच मी लिहिणार." पण तेवढ्यात मुकादम घोड्यावरून आला. कुणाची चौकट जागेवर नाही त्याचं नाव मालकाने मागितलंय, म्हणाला. चार घरांत चौकटी परत चढल्या. बेल डिकसन रडत होती चढवताना, तिला बोल लावत नाही मी, तिची सहा लेकरं आहेत. आईने चौकट पलंगाखाली सरकवली आणि त्यावर बसली. मास्तरांनी शून्य लिहिलं. शाळेचा पगार जमीनदार आणि ब्रंटनसारखेच देतात, तरी लिहिलं.

ब्रंटन मोजणी तपासणाऱ्या डन्सच्या निबंधकाकडे गेला, की मास्तर खोटं लिहितो. निबंधक म्हणाला, मी येऊन डोळ्यांनी बघीन. कधी, ते सांगितलं नाही. आई म्हणाली, "तो येईपर्यंत चौकट लागायची नाही." नऊ दिवस, ॲडम. तिसऱ्या दिवशी गारांचा पाऊस. भोकाला पोतं लावलं तर ते भिजून आत लोंबायला लागलं. बा म्हणाला, "ॲलिसन, पुरे आता." ती म्हणाली, "तुला थंडी वाजत असेल तर गोठ्यात गाईजवळ नीज." गेला बिचारा. नवव्या दिवशी निबंधक आला. भोकातून डोकं आत घातलं. आई म्हणते, "साहेब, दारानेही येता येतं." त्याने मास्तरांचं शून्य तसंच ठेवून वहीच्या शेवटी सही केली आणि टोपी काढून आईला नमस्कार केला.

ते शून्य तू चाकूने खरवडलंस.

आम्ही तुला कळवलं नाही, कारण आईच म्हणाली, तो धावत येईल आणि नोकरी घालवून बसेल. तेव्हा तू वकिलाकडे नकला लिहायचास. आता मोठा झालास. ते शून्य होतं तिथे परत घाल. कसं ते मला विचारू नकोस. शिकलेला तू आहेस.

आईला तेव्हापासून खोकला आहे. सलगमाच्या खुरपणीला ती येत नाही, तिच्या ओळीही मीच करते.

मायसी

*

एडिंबरो
६ ऑगस्ट १८६१

प्रिय ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पण तूही जरा माझ्या जागी येऊन बघ.

मला हे कुणी कळवलं असतं तर मी त्या रकान्याला हात लावला असता का? चार घरांपुढे एक आणि पाचव्यापुढे शून्य, कुणालाही हातचूकच वाटणार. आणि एक गोष्ट पहिल्या पत्रात लिहिली नव्हती, ती आता लिहितो. माझ्या शेजारी एक कारकून बसतो, वकिलाचा मुलगा. बिनखिडकीचं घर सापडलं की मोठ्याने सांगायची त्याला खोड आहे. त्या सकाळी तो माझ्या खांद्यावरून वाकला आणि म्हणाला, "हे बघा अजून एक. घुशींना कशाला हव्यात खिडक्या?" सगळे हसले. ताई, मीही हसलो. त्याचं बोट आईच्या नावाखाली होतं आणि मी हसलो. तो जेवायला गेल्यावर मी चाकू काढला. मला वाटलं, मी आईची अब्रू राखतोय.

आता परत शून्य करायचं म्हणजे मुख्य कारकुनापुढे उभं राहून कबूल करायचं, की मी पुस्तकात फेरफार केला. त्याच दिवशी मला दाराबाहेर काढतील, आणि असा डाग घेऊन शहरात कुठल्याच कचेरीत मला घेणार नाहीत. वर्षअखेरीस इथल्या काही जणांना कायम करणार आहेत, त्यांत माझं नाव आहे असं म्हणतात. माझ्या शाळेसाठी तू किती वर्षं मातीत राबलीस ते मी विसरलेलो नाही. ते सगळं एका आकड्यापायी वाया घालवू का? सगळ्या देशात हजारो शून्यं आहेत, ताई. एकाने काय होतं?

तरी मी बघतो. थोडा वेळ दे.

आईच्या खोकल्याला जवसाचा काढा द्या. ती कशी आहे ते लिही.

ॲडम

*

व्हिनलॉ
२९ ऑगस्ट १८६१

ॲडम,

कापणी चालू आहे, वेळ नाही, थोडक्यात लिहिते.

देशात हजारो असतील. आमच्या परगण्यात एकच होतं. एकाने काय होतं म्हणतोस, तर एकच होतं म्हणूनच सगळं होतं. तक्त्यात परगण्याच्या नावापुढे एक बिनखिडकीचं घर छापून आलं असतं, तर जमीनदाराला विचारावं लागलं असतं, की हे कुठलं. ब्रंटनला उत्तर द्यावं लागलं असतं. तेवढ्यासाठीच ती नऊ दिवस बसली.

जमीनदार या आठवड्यात शिकारीला आलाय. परवा आमच्या वावराच्या कडेने घोड्यावरून गेला. ब्रंटन सोबत होता. कापणीच्या बायकांसमोर घोडा थांबवून ब्रंटन म्हणाला, "यांतल्या एका बाईने वेड्यासारखी खिडकी काढून ठेवली होती, मला बदनाम करायला." जमीनदार म्हणाला, "ठीक आहे, तक्ता छापून येऊ दे." माझ्या हातात विळा होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला तरी मी मान खाली घालून पेंढी बांधली. बाच्या करारात शेतकामाला मीही बांधलेली आहे, माझं तोंड सुटलं तर घर जाईल.

आणि माझ्या राबण्याचं नाव काढू नकोस. तू शिकलास ते मला आवडलं म्हणून मी राबले. तुझा पडदा व्हायला नाही. माझी वीस हिवाळ्यांची माती तू आता ढालीसारखी पुढे धरतोस, तेव्हा मला वाटतं मी तुला शाळेत घालण्याऐवजी नांगराला जुंपायला हवं होतं.

शेजारचा तो कारकून घूस म्हणाला, आणि तू त्याला काही बोलला नाहीस. बोलायचं होतंस, "ती माझी आई आहे." चार शब्द मोठे असतात का रे इतके?

आई जवसाचा काढा घेत नाही. म्हणते, चव घाण आहे. जवाची भाकरीही अर्धी ठेवते.

मायसी

*

एडिंबरो
२० सप्टेंबर १८६१

प्रिय ताई,

मी प्रयत्न केला. आपल्या परगण्याच्या वह्या आता दुसऱ्या खोलीत गेल्या. तिथे कुलूप असतं आणि किल्ली मुख्य कारकुनाकडे. आकडे तक्त्यात चढले, आता काही करता येत नाही. मला खरंच वाईट वाटतं. यापुढे हा विषय नको.

आईसाठी एक लोकरी शाल पाठवली आहे. ती मिळाली का ते कळव. मी नाताळला येईन.

ॲडम

*

एडिंबरो
२ डिसेंबर १८६१

प्रिय ताई,

आईला माती देऊन परत आलो त्याला नऊ दिवस झाले. मी घरात होतो त्या दीड दिवसात तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. पेजेचं भांडं माझ्यापुढे ठेवलंस तेही भिंतीकडे बघून. बायका दफनाला येत नाहीत, म्हणून निघताना मी दारात थांबलो, वाटलं तू निदान शवपेटीला हात लावायला पुढे येशील आणि मग आपण बोलू. तू खिडकीपाशी पाठ करून उभी होतीस.

आई इतकी आजारी आहे हे मला कुणी स्पष्ट लिहिलं नाही. खोकला, खोकला एवढंच. मलाही राग येतो, ताई. माझीही आई होती ती.

पण एक गोष्ट सांगायची आहे आणि ती ऐकून कदाचित तुझा राग उतरेल. ऑक्टोबरात वरिष्ठांनी वह्या पुन्हा तपासल्या. चौदाव्या पानावर खरवडल्याचं त्यांच्या लक्षात आलं, शाई वेगळी होती. त्यांनी ऑर्मिस्टन मास्तरांना पत्र पाठवून विचारलं, की हा एक तुमच्या हातचा आहे का. मला हे परवा कळलं. मुख्य कारकुनाने मला बोलावून घेतलं. तो म्हणाला, "पर्व्हिस, तुमच्यावर आमचा संशय होता. पण मास्तरांनी लेखी कळवलंय की दुरुस्ती त्यांचीच आहे, त्यांच्याच अक्षरात आहे. तुम्हाला पहिल्या तारखेपासून कायम केलं आहे."

म्हणजे बघ, मास्तरांनाही वाटलंच ना, की शून्य ही चूक होती? मोजणीच्या दिवशी ते तुमच्या भिडेला बळी पडले असतील. आता त्यांनी स्वतः सरकारला लिहून दिलं, की खिडकी एक आहे. मग माझ्या एकट्याच्या डोक्यावर हे ओझं कशाला? मास्तर खोटं बोलणाऱ्यांतले नव्हेत, हे तूच नेहमी म्हणायचीस.

मला दोन ओळी तरी लिही.

ॲडम

*

एडिंबरो
११ मार्च १८६२

प्रिय ताई,

तीन महिने झाले, तुझं काहीच नाही. बाचंही नाही. बाला लिहिता येत नाही, पण मास्तरांकडून दोन ओळी लिहून घेता आल्या असत्या.

तक्ते छापून आले. आपला परगणा मी शोधला. बिनखिडकीची घरं, शून्य. मला वाटलं, तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवावं.

व्हिनलॉला नवी घरं बांधणार का? तुम्ही कसे आहात?

ॲडम

*

स्टॅनमूर
२९ मे १८६२

ॲडम,

पत्ता नवा आहे ते बघितलंस ना. फेब्रुवारीत ब्रंटन चाळीतल्या चौघा गड्यांशी बोलला आणि बाशी बोलला नाही. तुला आठवत असेल, नसेल तर सांगते, मालक फेब्रुवारीत येऊन बोलला तर वर्षभर राहायचं, नाही बोलला तर मार्चात बाजारात उभं राहून दुसरा मालक शोधायचा. बा बाजारात उभा राहिला. पंचावन्न वर्षांचा नांगऱ्या, कामाला मोकळा म्हणून टोपीला गवताची काडी खोचून. येणारेजाणारे त्याला नाही, मला बघायचे. माझे दंड बघायचे. एकाने तर हात धरून चाचपला. शेवटी आम्हाला माझ्यामुळे घेतलं. सोमवारी बिऱ्हाड हललं.

नवी घरं नाहीत. तक्ता आला तेव्हा जमीनदाराने पाद्रींना कळवलं, 'खुद्द सरकार म्हणतं की परगण्यात बिनखिडकीचं एकही घर नाही.' ब्रंटनने ते पत्र चर्चच्या दारात वाचून दाखवलं. आमची गाडी निघाली तेव्हा आमच्या घरात येणारं कुटुंब रस्त्यावर थांबलेलंच होतं. त्यांच्या सासूच्या मांडीवर घोंगडीत गुंडाळलेली चौकट होती.

आता मास्तरांचं.

मी आईपुढे बायबलवर हात ठेवून शपथ घेतली होती, की तुला हे कधी सांगणार नाही. तू कचेरीची शपथ मोडलीस, मी ही मोडते. हिवाळाभर गप्प बसले ते शपथेसाठी. पण मास्तर चुकले असं तू लिहिलंस, ते पत्र रोज घशात अडकतं. बाला ते वाचून दाखवलं नाही मी.

ऑक्टोबरात मास्तर तुझ्या कचेरीचं पत्र घेऊन घरी आले. आई तेव्हा पलंगातून उठत नव्हती; तुझ्या पत्रांतलं सगळं कापणीनंतर मी तिला सांगून टाकलं होतं. ती वहीसुद्धा कुलपात नव्हती, ॲडम. टेबलावर होती. आकडा अजून तक्त्यात चढलेला नाही आणि कारकून पर्व्हिसवर संशय आहे, असं त्यांनी पानाचा नंबर देऊन लिहिलं होतं. सप्टेंबरात तू आम्हाला जे लिहिलंस ते खोटं होतं, हे आईला त्याच दिवशी कळलं. मला वाटलं होतं, ती चिडेल. ती म्हणाली, "घाबरला असेल."

मास्तर म्हणाले, "ॲलिसन, मी नाही लिहिलं तर शून्य परत येतं आणि ॲडम जातो. हो लिहिलं तर ॲडम राहतो आणि शून्य जातं. मी खोटं आजवर लिहिलेलं नाही. तुम्ही सांगाल ते करीन."

आई बराच वेळ खोकली. मग विचारलं, "डाग लागला तर त्याला दुसरी जागा मिळेल?" मास्तर म्हणाले, "कारकुनाची नाही."

"मग लिहा. तुमचंच अक्षर."

मी ओरडले तिच्यावर. तू ऐकलं नसशील असं. म्हटलं, "आणि ते नऊ दिवस? तुझी छाती गेली त्यांत. बा गोठ्यात झोपला. मास्तरांनी शाळा पणाला लावली. ते सगळं त्याच्या खुर्चीपायी?" ती माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "बसले कोण होते नऊ दिवस? मी. ते माझे आहेत. मला वाटेल त्याला देईन."

मी घराबाहेर पडले आणि दार आपटलं. परत आले तेव्हा तिने मला शपथ घालायला बायबल तयार ठेवलं होतं. त्यानंतर ती पाच आठवडे होती, आणि त्या पाच आठवड्यांत मी तिच्याशी धड बोलले नाही. तुझ्यामुळे. हे तुला माफ करायला मला कुणी सांगितलेलं नाही आणि मी करणारही नाही.

मास्तर आता मान खाली घालून चालतात. शाळेची पोरं त्यांच्या मागे 'एक, एक' म्हणून ओरडतात, ब्रंटनच्या मुलांनी शिकवलंय. जाताना मी त्यांना भेटायला गेले. त्यांनी तुझी चौकशी केली. म्हणाले, "हुशार आहे. वर चढेल." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणून तो मीच करते, सगळ्यांच्या वाटचा.

स्टॅनमूरच्या घराला दोन खोल्या आहेत आणि भिंतीतच बसवलेल्या दोन खिडक्या, मालकाच्या. इथला जमीनदार वेगळा आहे. आपली चौकट बसवायला भोकच नाही. बा म्हणाला, माळ्यावर ठेव. मी म्हटलं, नाही.

घोंगडीत गुंडाळून, पेंढा भरून ती मी गाडीवाल्याकडे दिली आहे. शुक्रवारी तुझ्या बिऱ्हाडी पोचेल. आजोबांची चौकट, चार तावदानं, खालच्या डाव्या तावदानाला तू पाडलेला तडा. तुझ्या कचेरीतल्या टेबलाजवळ ठेव. तो वकिलाचा मुलगा विचारील हे काय, तर काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

गाडीवाला पावती मागेल. त्याच्या वहीत रकाने आहेत, तुला सवय आहे. वस्तूच्या रकान्यात खिडकी लिही. आकड्याच्या रकान्यात एक लिही. खाली सही कर. आणि या वेळी अक्षर तुझंच असू दे.

मायसी पर्व्हिस